उभी रेघ, आडवी रेघ

बेळगावच्या किल्ला तलावाकाठी २०१८ साली उभारलेला ध्वजस्तंभ ११० मीटर उंच आहे. खाली उभं राहून टोक पाहायचं तर मान पार मागं टाकावी लागते. तेवढंच अंतर तलावाच्या कडेनं चालायला दीड मिनिट पुरतं. उंची आपल्याला नेहमी जास्त वाटते, आणि ते केवळ मान वर करण्यामुळं नव्हे. कागदावर सारख्याच लांबीच्या दोन रेघा काढल्या, तरी उभी रेघ आडवीपेक्षा मोठी दिसते.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळाशाळांत दृष्टिभ्रमाचे तक्ते लागतात. पाहणारा फसतो, मुलं हसतात, तक्ता गुंडाळला जातो. किती फसला, हे कुणी मोजत नाही. मोजलं नाही तर तो प्रयोग नव्हे, गंमत झाली.

मोजायला खर्च नाही. पुठ्ठ्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ काढावी. तिच्या एका टोकाशी चीर पाडून तीतून एक बारीक काळी पट्टी वर-खाली सरकेल असं करावं. आडव्या रेघेएवढी वाटेल तिथं मुलानं पट्टी थांबवायची आणि दुसऱ्यानं ती मोजायची. पाच वेळा आखूड पट्टी वाढवत, पाच वेळा लांब पट्टी कमी करत. कारण सुरुवात कुठून केली याचाही हाताला ओढा असतो. मग पुठ्ठा आडवा फिरवून सगळं पुन्हा.

आपल्या सीमाभागात आणखी एक काळजी हवी. मराठीत उभी वस्तू ‘उंच’ आणि आडवी ‘लांब’. कन्नडमधला ‘उद्द’ हा शब्द रेघेच्या लांबीला चालतो, तसा उंच माणसालाही. निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन मुलं दोन भाषांतून प्रश्न ऐकत असतील, तर उत्तरातला फरक डोळ्यांचा की शब्दाचा? म्हणून नेमकं काय विचारलं, ते वाक्य दोन्ही भाषांत जसंच्या तसं वहीत उतरवलं पाहिजे. हा धडा एकभाषी गावातल्या मुलांना इतक्या सहज मिळणार नाही.

लिहून ठेवण्याचं मोल केवढं, ते निलगिरीतल्या एका कामावरून कळतं. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या तोडा लोकांवर असेच रेघांचे प्रयोग केले आणि १९०५ साली त्यांची मापं छापली. उभ्या-आडव्या रेघेत तोडा इंग्रजांपेक्षा जास्त फसले. बाणांच्या टोकांच्या म्युलर-लायर आकृतीत मात्र कमी. पुढं १९६६ मध्ये छापलेल्या अभ्यासात सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी हाच धागा धरून, चौकोनी घरांत वाढलेल्या माणसाची नजर वेगळी घडते का, हे अनेक देशांत तपासलं. २०१५ मध्ये भारतातच, जन्मापासून अंध असलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर नुकती दृष्टी आलेल्या मुलांवर पवन सिन्हा व सहकाऱ्यांनी केलेली म्युलर-लायर आकृतीची तपासणी छापली गेली. तीही मुलं लगेच फसली. नजर अनुभवानं घडते की जन्मजात असते, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो पुढं सरकतो तो मापांवरच.

शिक्षकांना एकच विनंती. येत्या विज्ञान दिनाला तक्त्याशेजारी एक वही ठेवा. तीत प्रत्येकाचं माप लिहा, जो अजिबात फसला नाही त्याचंही, आणि बिघडलेल्या खेपेचं माप खोडू नका.