हुकमाचे ताबेदार कीं ज्ञानाचे भागीदार ?

पदार्थविज्ञानाविषयीं मराठींत जें थोडेंबहुत लिहिलें जातें, त्यांत एक ठराविक चित्र वारंवार आढळतें. फळ्यासमोर खडू घेऊन उभा असलेला एक थोर गणिती, आणि त्याच्या मागें कोठें तरी अंधारांत तारा जोडीत बसलेलीं कांहीं नामरहित माणसें. गणिती तो शास्त्रज्ञ आणि तारा जोडणारा तो कारागीर, असा हा निवाडा आहे. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आणि तो केवळ अनुदार आहे म्हणून नव्हे, तर तो खोटा आहे म्हणून.

जिनेव्हानजीक 1954 सालीं स्थापन झालेल्या 'सर्न' या प्रयोगशाळेचेंच उदाहरण घेऊं. तेथें जमिनीखालीं सुमारें शंभर मीटर खोल, 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यांत, प्रोटॉनांचे पुंजके परस्परांवर आदळवितात. यंत्राची रचना अशी कीं, दर 25 नॅनोसेकंदांनीं, म्हणजे सेकंदास चार कोटी वेळां, हे पुंजके समोरासमोर यावे. इतक्या घटनांची पुरी नोंद ठेवणें व्यवहारांत अशक्य. म्हणून 'अ‍ॅटलास' प्रयोगाच्या मूळ आराखड्यांत पहिली निवड इलेक्ट्रॉनिक सर्किटांवर सोंपविली होती. अडीच मायक्रोसेकंदांत निर्णय करावयाचा, आणि चार कोटींतून फार तर एक लाख घटना पुढें धाडावयाच्या. बाकीच्या कायमच्या गेल्या ! कोणती घटना महत्त्वाची, याची कसोटी पदार्थवैज्ञानिक सांगतो हें खरें. परंतु ती कसोटी चिपच्या भाषेंत उतरविणारा आणि तिला क्षणभरहि डुलकी लागूं न देणारा, हा पुष्कळदां नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण इंजिनिअर असतो. काय पाहिलें गेलें आणि काय पाहावयाचें राहून गेलें, हें ज्याच्या हातावर अवलंबून आहे, त्यास ज्ञानाच्या दारांतला पहारेकरी म्हणावें कीं ज्ञानाचा भागीदार ?

हें काम वाटतें तितकें यांत्रिकहि नाहीं. यंत्राच्या पोटांत बसविलेल्या चिपमधून एखादा भरधाव कण आरपार गेला, तर तिच्या स्मृतींतील शून्याचा एक होतो, आणि खोटी आज्ञा खरीच्या ऐटींत पुढें चालूं लागते. म्हणून हा तरुण एकच हिशेब तीन ठिकाणीं करवितो आणि बहुमताचें उत्तर ग्राह्य धरतो. झोत फिरत असतां बोगद्यांत माणसानें जावयाचें नसतें. सबब जें जें चुकूं शकेल, तें तें त्यास आधींच कल्पावें लागतें. हें काम उत्तम साधलें, तर त्याचा दृश्य परिणाम काय ? कांहींच घडत नाहीं ! आणि कांहीं न घडल्याबद्दल जगांत कोणी कोणास हार घालीत नाहीं.

बिघडलें म्हणजे काय होतें, तें 2011 च्या सप्टेंबरांत साऱ्या जगानें पाहिलें. सर्नहून इटलींतील ग्रान सास्सोकडे, भूमीच्या पोटांतून 730 किलोमीटर धाडलेले न्यूट्रिनो प्रकाशाच्या हिशेबापेक्षां सुमारें 60 नॅनोसेकंद आधीं पोंचले, असें 'ऑपेरा' प्रयोगानें जाहीर केलें. कित्येक वर्तमानपत्रांनीं तर आइन्स्टाइनचें श्राद्धच उरकून घेतलें. पुढें 2012 च्या फेब्रुवारींत कळून आलें कीं, घड्याळास वेळेची खूण पोंचविणाऱ्या प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. त्या मंडळींनीं आपली चूक आपणच शोधून सांगितली, ही त्यांची सचोटी वंदनीय आहे. परंतु बोध स्पष्ट आहे. एका ढिल्या जोडणीनें जर सापेक्षतेचा सिद्धांत कांहीं महिने डळमळल्यासारखा दिसूं शकतो, तर जोडणी घट्ट बसविणें हें हलकें काम कसें ?

यावर प्रतिपक्षी म्हणेल, "सिमोन व्हान डर मेर हा इंजिनिअरच होता ना ? मग 1984 चें नोबेल पारितोषिक त्यास रुबियाबरोबर मिळालेंच कीं !" मिळालें, आणि तोच दाखला आम्ही देणार होतों. हा गृहस्थ 1956 सालीं सर्नमध्यें आला. विखुरणाऱ्या कणांचा झोत आवरून घट्ट करण्याची युक्ति त्यास 1968 सालीं सुचली, 1972 सालीं ती छापून निघाली, आणि 1983 सालीं डब्ल्यू व झेड हे कण सांपडले ते तिच्याच आधारानें. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे 1990 पर्यंत, तो तेथेंच होता. आज नव्यानें येणाऱ्या इंजिनिअरास बहुधा दोन-तीन वर्षांची फेलोशिप मिळते, आणि पुढील नेमणूक मिळाली तरी तीहि प्रथम मुदतीचीच. या हिशेबानें व्हान डर मेर 1959 च्या सुमारासच बिछाना गुंडाळून घरीं गेला असता !

अनेक राष्ट्रांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनें तरुणांस शिकवून आपापल्या देशीं परत धाडावें, हा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, अमुक बोर्ड कां अडखळतो, अमुक ओळ प्रथम दिसते तशी कां लिहिली नाहीं, हें ज्ञान पुष्कळसें कागदावर उतरत नसतें. तें माणसाबरोबर येतें आणि माणसाबरोबर जातें. तें राखावयाचें तर कांहीं माणसेंहि राखलीं पाहिजेत.

मराठी वाचकांस याचें काय, असें कोणी विचारील. पुष्कळ आहे. 2017 सालीं भारत सर्नचा सहयोगी सभासद झाला, आणि तेथील फेलोशिप व मुदतीच्या नेमणुका आमच्या तरुणांस खुल्या झाल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था 'सीएमएस' प्रयोगांत सहभागी आहे. कोलकात्याच्या साहा संस्थेंत आंखलेली 'मानस' ही चिप 'अ‍ॅलिस' प्रयोगांत वापरली गेली. असें असतां, मुलगी तेथें सर्किटें आंखते असें ऐकतांच, "म्हणजे संशोधन नाहीं तर !" असा सुस्कारा सोडणारे विद्वान् आमच्यांतच आहेत. डोकें वरचें आणि हात खालचा, ही फारकत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि तिची किंमतहि पुरेपूर मोजली. निदान जेथें विश्वाचें मूळ शोधिलें जातें, त्या ठिकाणीं तरी तिला थारा नसावा. निसर्ग मात्र असला भेद पाळीत नाहीं; तो गणितांतली चूक आणि जोडणींतली चूक यांस एकच शिक्षा देतो.