बिऱ्हाड झाशीला निघाले, बंदुकीचे काय?

बिऱ्हाड हलवायचे ठरले की घरात याद्या सुरू होतात. भांडीकुंडी, गाद्या, देवघर, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचे पुस्तक, बँकेची खाती. एक वस्तू मात्र या यादीत बहुधा नसते. ती कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली असते. घरातली दुनळी बंदूक! परवाना आहे, नूतनीकरण वेळच्या वेळी होते, मग तिची काळजी कशाला? 'सामानाबरोबर येईल' एवढाच विचार होतो, आणि घोटाळ्याची सुरुवात नेमकी तिथेच होते.

हा प्रश्न अगदीच मूठभर लोकांचा आहे असे वाटेल. पण झाशी हे लष्कराचे आणि रेल्वेचे गाव. झाशी आणि बबिना इथल्या छावण्यांत कितीतरी मराठी जवानांच्या नोकरीची वर्षे गेली आहेत. निवृत्तीनंतर तिकडेच थोडी जमीन घ्यावी, विहीर असावी, चार लिंबाची झाडे लावावीत, असे मनात येणे साहजिक आहे. त्याला कायद्याचेही एक कारण आहे. महाराष्ट्रात १९४८च्या कूळ व शेतजमीन कायद्याच्या ६३व्या कलमामुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उत्तर प्रदेशात अशी अट नाही. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही असा नोकरदारही तिथे शेत घेऊ शकतो.

जुनी वाट

शस्त्र घेऊन जमिनीच्या शोधात झाशीकडे जाणे मराठी माणसाला नवे नाही. १७२९ साली बाजीराव पेशवे छत्रसाल राजाच्या मदतीला धावले आणि त्या उपकाराची फेड म्हणून बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा मराठ्यांकडे आला. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला. १७४२ साली नारो शंकर तिथे सुभेदार झाले, त्यांनी किल्ला वाढवला, गाव वसवले. पुढे रत्नागिरीकडचे नेवाळकर घराणे आले आणि त्याच घराण्यात गंगाधररावांची पत्नी म्हणून लक्ष्मीबाई आल्या. त्यांच्याबरोबर सावकार, भिक्षुक, कारकून, शिपाई अशी शेकडो मराठी घरे तिथे रुजली. त्यांच्या वंशजांचा गणेशोत्सव झाशीत आजही होतो.

त्या काळी तलवार आणि सनद हातात हात घालून चालत. ज्याच्या पदरी स्वार, त्याला जहागीर. १८५८ साली राणीची झाशी पडली, त्यानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली, आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने बंदूक ही सरकारच्या मर्जीची वस्तू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला. तो इंग्रजांच्या कायद्याइतका जाचक नाही, पण परवान्याचे तत्त्व त्यातही कायम राहिले. आज जमिनीचा कागद वेगळा, बंदुकीचा कागद वेगळा, आणि दोन्ही कागद ज्या गावचे असतील त्याच गावाला ओळखतात. राज्य बदलणाऱ्याने ही एक गोष्ट गाठीला बांधली तरी निम्मे काम झाले.

परवान्यावर काय लिहिले आहे?

पहिले काम म्हणजे परवाना बाहेर काढून नीट वाचणे. त्यावर क्षेत्र लिहिलेले असते. कुणाचा परवाना एका जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, तर कुणाचा संपूर्ण भारतासाठी असतो. क्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल तर बंदूक ट्रकमध्ये घालून थेट झाशीला नेता येत नाही. आधी क्षेत्र वाढवून घ्यायचे किंवा प्रवासाची परवानगी काढायची. तोवर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी आणि पावती जपून ठेवावी.

दुसरे काम तीस दिवसांचे. परवानाधारक कायमचा किंवा सलग तीस दिवसांपेक्षा जास्त काळ दुसरीकडे राहायला गेला आणि हत्यार बरोबर नेले, तर तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी लेखी कळवावे लागते. एक, ज्यांनी परवाना दिला त्या अधिकाऱ्याला. दुसरे, नव्या गावच्या अधिकाऱ्याला. झाशीत हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. तिकडे त्यांना 'डी.एम.' म्हणतात. त्यांनी मागितल्यास परवाना आणि हत्यार दोन्ही दाखवून नोंद करून घ्यायची. जुन्या गावाहून दाखला मागवला जातो, पोलीस घरी येऊन चौकशी करतात. यात महिने जातात. म्हणून परवान्याची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण जुन्या गावीच उरकून निघावे. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे, त्यामुळे एकदा उरकले की बराच काळ निश्चिंती.

त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे बाळगता येत, आता दोनच. वडिलोपार्जित हत्यारही या दोनात मोजले जाते. वारसाने मिळालेली बंदूक परवाना आपल्या नावावर झाल्याशिवाय घरात ठेवणे म्हणजे विनापरवाना बाळगणे. त्याला आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाने साठीनंतर एका अर्जाच्या आळसापायी कोर्टाची पायरी चढावी, यासारखे दुर्दैव नाही.

वाटेत लागणारे दुसरे राज्य

झाशीची एक गंमत बाहेरच्याला नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. हा जिल्हा उत्तर प्रदेशाचा, पण मध्य प्रदेशाने त्याला जागोजागी कवेत घेतले आहे. ओरछा झाशीपासून वीस किलोमीटरच्या आत, आणि ते मध्य प्रदेशात. दतिया मध्य प्रदेशात. इतकेच काय, झाशीहून त्याच जिल्ह्यातल्या मऊरानीपूरला रस्त्याने निघाले तर मध्ये निवाडी लागते, तीही मध्य प्रदेशात! म्हणजे ज्याचे घर झाशीत आणि शेत मऊरानीपूर तहसीलीत, तो सकाळच्या चहानंतर निघून जेवणाच्या आत दोनदा राज्य ओलांडतो. परवाना फक्त उत्तर प्रदेशाचा असेल आणि बंदूक जीपमध्ये असेल, तर मधल्या पट्ट्यात ती परवान्याबाहेरची ठरते. नाक्यावरचा हवालदार 'मी इथलाच शेतकरी' हे उत्तर ऐकून घेईलच असे नाही. क्षेत्र ठरवताना हा रस्ता डोळ्यापुढे ठेवावा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

निवडणुका लागल्या की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. नव्या माणसाला ते वेळेवर कळत नाहीत. ठाण्यात आपली नोंद असावी, बीटच्या हवालदाराशी ओळख असावी, हे त्यासाठीही बरे.

खतौनी, खसरा आणि लेखपाल

आता जमिनीकडे वळू. आपल्याकडे तलाठी, तिकडे लेखपाल. आपल्याकडे सातबारा, तिकडे खतौनी आणि खसरा. फेरफाराला तिकडे 'दाखिल-खारिज' म्हणतात. आपण एकर-गुंठ्यांत बोलतो, तिकडचा शेतकरी बिघ्यात बोलतो, आणि बिघा सगळीकडे सारखा नसतो. म्हणून सौदा बोलताना बिघा ऐकावा, पण पैसे खतौनीवरच्या हेक्टरवर मोजावेत.

खतौनीत विकणाऱ्याच्या नावापुढे 'संक्रमणीय भूमिधर' असे आहे ना, हे पाहावे. 'असंक्रमणीय' असेल तर ती जमीन त्याला विकता येत नाही. त्याने कितीही शपथा घेतल्या तरी नाही. विकणारा अनुसूचित जातीचा असेल आणि घेणारा नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. तळे, खळे, चराई अशी गावाच्या मालकीची जमीन विकत घेऊच नये. गावात 'चकबंदी' म्हणजे जमिनींचे एकत्रीकरण चालू असेल तर आज पाहिलेला तुकडा उद्या त्याच जागी राहील याची खात्री नसते. एका कुटुंबाला खरेदीने साडेबारा एकरांपर्यंतच जमीन धरता येते, त्यापुढे सरकारची परवानगी हवी. २०१६पासून तिकडे महसूल संहिता लागू आहे. जुन्या जमीनदारी निर्मूलन कायद्याची कलमे सांगणारा दलाल भेटला तर तो जुन्या पुस्तकावर बोलतो आहे असे समजावे.

आणखी एक चौकशी हल्ली आवश्यक झाली आहे. २०२३ साली उत्तर प्रदेश सरकारने बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन केले आणि झाशीजवळच्या ३३ गावांची जमीन त्यासाठी ठरवली. आपण पाहत असलेले गाव त्या यादीत आहे का, हे तहसीलीत विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

कागदानंतर माती. बुंदेलखंडात मातीला चार नावे आहेत. मार आणि काबर या काळ्या, पडुवा आणि राकड या लाल. मार मातीत हरभरा आणि गहू चांगला येतो. राकड म्हणजे उताराची, खडीची जमीन. ती स्वस्त मिळते, कारण तिथे पाणी टिकत नाही. खाली ग्रॅनाइटचा खडक असल्याने विंधणविहिरीला पाणी लागेलच याचा भरवसा नाही. २००४ ते २००७ या वर्षांतल्या दुष्काळाने हा सारा भाग होरपळून निघाला होता. जमीन पाहायला जायचे तर वैशाखात जावे. श्रावणात सगळीच जमीन हिरवी दिसते. माती आणि चाऱ्याबद्दल शंका असेल तर झाशीतच भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२पासून आहे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठही आहे.

बांधावर बंदूक

शेत घेतले, परवाना झाला. आता बंदुकीचा उपयोग काय? बहुतेकांच्या मनात उत्तर असते, 'राखणीला'. बुंदेलखंडात रात्रीची राखण खरोखरच करावी लागते. नीलगायींचे कळप पीक तुडवतात, रानडुकरे उकरून काढतात, आणि 'अन्ना' म्हणून मोकाट सोडलेली जनावरे एका रात्रीत हरभरा साफ करतात. पण इथे गैरसमज फार. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याच्या अधिकाराखालील लेखी परवानगी नसेल तर नीलगायीवर गोळी झाडणे गुन्हा आहे. आणि मोकाट गाय-वासरांवर बंदूक रोखणाऱ्याचे त्या गावात पुढे काय होईल, ते सांगायला नकोच. पिकाचे रक्षण काटेरी कुंपण, मचाण, मोठा टॉर्च आणि शेजाऱ्यांच्या पाळीपाळीने होणाऱ्या जागरणाने होते.

आणि शेजाऱ्यांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गृहखात्याच्या २०१६च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या सुमारे ३३ लाख शस्त्रपरवान्यांपैकी १२ लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. तिकडे खांद्यावरची बंदूक प्रतिष्ठेची खूण मानली जाते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस अनेकांचे जीव घेऊन गेली. २०१९पासून अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला आमंत्रण येईल, आग्रह होईल, 'भाईसाहब, एक फायर तो बनता है' असेही कुणी म्हणेल. हात जोडून नाही म्हणावे. आहेर करावा, जेवावे, घरी यावे. बांधाच्या वादात तर बंदूक घराबाहेर काढूच नये. बांध एक हात सरकला तर लेखपाल मोजून देतो. रागाच्या भरात झाडलेली गोळी परत घेता येत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी नवरा-बायकोने एकदा शांतपणे बसून विचार करावा. बंदूक खरोखर लागणार आहे का? गेल्या वीस वर्षांत ती किती वेळा वापरली? नव्या घरी तिच्यासाठी कुलपाचे कपाट, काडतुसांसाठी वेगळी जागा, नातवंडांच्या हाताबाहेरची व्यवस्था आहे का? उत्तर 'नाही' असेल तर अधिकाऱ्यांना रीतसर कळवून ती परवानाधारक विक्रेत्याला विकता येते किंवा ठाण्यात जमा करता येते. उत्तर 'हो' असेल तर क्रम असा ठेवावा. आधी नव्या गावी भाड्याचे घर आणि राहण्याचा पुरावा, मग परवान्याची नोंद, मग बंदूक, आणि जमिनीचा सौदा एक उन्हाळा पाहिल्यावर.

लेखपालाची ओळख, शेजारच्या शेतकऱ्याच्या ओट्यावरचा चहा, गणपतीच्या आरतीला झालेली चार घरची ओळख, यांवर नव्या मुलखात माणूस उभा राहतो. रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येणारी तीच माणसे असतात.