आवडनिवड माझीसुद्धा

मैत्रिणींनो, परवा वर्गात एक गंमतच झाली. म्हटलं तर गंमत, म्हटलं तर नाही.

नववीच्या मुलींना निबंधाला विषय दिला होता, 'माझा आवडता चित्रपट'. पोरी खूश! एरवी 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की चेहरे पाडून बसणाऱ्या या मुली लगेच कुजबुजायला लागल्या. एवढ्यात मागच्या बाकावरची एक धीट मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ''बाई, तुमचा कोणता?''

मी पटकन एक नाव सांगून मोकळी झाले. मुलींनी ते मान्यही केलं. पण घरी येताना, भाजीची पिशवी हातात घेऊन चालताना, एकदम लक्षात आलं, अगं, तो तर ह्यांचा आवडता सिनेमा! मारामारीचा. मी तो चार वेळा पाहिला, चारही वेळा ह्यांच्याबरोबर, आणि चारही वेळा मध्यंतरानंतर मला झोप आली.

तुम्ही 'लापता लेडीज' पाहिलाय ना? किरण रावचा, २०२४ सालच्या मार्चमध्ये आलेला. आगगाडीत घुंघटामुळे दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, ती गोष्ट. त्यात हसायला पुष्कळ आहे. पण मला आठवतो तो एक छोटासा प्रसंग. कमळकाकडीच्या भाजीवरून विषय निघतो, आणि घरातली सासू सांगते की पुरुषांना आवडत नाही म्हणून ती करणंच सुटलं. आता तर आपल्याला काय आवडतं हेच आठवत नाही. ती हे रडून सांगत नाही. साधं, मीठ संपलं म्हणून सांगावं तसं सांगते. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतल्या चार बायका हसता हसता एकदम गप्प झाल्या होत्या.

त्या दिवशी भाजी ओट्यावर ठेवली, वाण्याच्या यादीची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'माझे सिनेमे'. घरात कोणाला आवडतील, मुलांना चालतील का, सासूबाईंसमोर लावता येतील का, असला कुठलाही विचार न करता. दहा-बारा वर्षांतले आठवून आठवून पाच झाले. तेच आज तुम्हाला सांगते.

पहिला 'इंग्लिश विंग्लिश'. २०१२ सालचा. गौरी शिंदे पुण्याच्या, हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि आईवरूनच ही गोष्ट सुचल्याचं त्यांनी सांगितलेलं आहे. पुण्याची शशी गोडबोले लाडू करून विकते, पण इंग्रजी येत नाही म्हणून नवरा थट्टा करतो, मुलीला तिची लाज वाटते. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला गेल्यावर ती गुपचूप इंग्रजीच्या वर्गाला जाते. श्रीदेवी पंधरा वर्षांनी पडद्यावर परत आली होती, आणि ती काय साधी दिसली त्या साड्यांमध्ये! २०१८ मध्ये ती गेली तेव्हा मला आठवली ती ही शशीच.

मी हा सिनेमा आईबरोबर पाहिला. सगळ्या बायका शशीत स्वतःला बघत होत्या. मी मात्र त्या मुलीत स्वतःला बघत होते. कारण मी बी.ए.ला असताना आमच्या आईचे इंग्रजी शब्द मैत्रिणींसमोर सुधारलेले आहेत. एकदा नाही, अनेकदा. ती हसायची आणि चहा टाकायला आत जायची. सिनेमा संपल्यावर आईने पदराने डोळे पुसले, मीही पुसले. बाहेर येऊन आम्ही दोघींनी मक्याचं कणीस खाल्लं आणि उन्हाबद्दल बोललो. माफी मागायची ती राहिलीच.

दुसरा 'लंचबॉक्स', २०१३ सालचा, रितेश बत्रांचा. डबेवाल्याकडून डबा चुकीच्या टेबलावर जातो आणि इला नावाच्या गृहिणीची एका अनोळखी माणसाशी चिठ्ठ्यांतून ओळख होते. इरफान खानने तो डबा उघडून नुसता वास घेतलाय ना, तेवढ्यासाठी सिनेमा पुन्हा बघावा! २०२० मध्ये तोही आपल्याला सोडून गेला.

पण माझी आवडती आहे ती वरच्या मजल्यावरची देशपांडे आंटी. ती एकदासुद्धा दिसत नाही. नुसता भारती आचरेकरांचा आवाज, आणि दोरीला बांधून खाली सोडलेली टोपली. आजारी नवरा दिवसभर छताच्या पंख्याकडे टक लावून पाहत असतो आणि ही खिडकीतून खालच्या पोरीला फोडणीत काय घालायचं ते सांगत असते. आपल्या प्रत्येकीच्या इमारतीत अशी एक आंटी असतेच, नाही का?

आणि एक प्रसंग. इलाचे वडील जातात. वर्षानुवर्षं त्यांची आजारपणं काढलेली तिची आई त्या दिवशी म्हणते, की हे गेल्यावर आपलं कसं होईल याची सतत धास्ती होती, पण आता फक्त भूक लागली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. पुढे आमच्या नात्यात एकीने नवऱ्याची सहा वर्षं अंथरुणातली सेवा केली. तेराव्याला मी तिला पहिल्यांदाच सावकाश, चवीने जेवताना पाहिलं. तेव्हापासून ते वाक्य कठोर वाटत नाही.

तिसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेंचा, उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला, २०१५ मध्ये आपल्याकडे लागला. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूवरून म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरतात. का, तर म्हणे त्याचं गाणं ऐकून त्या कामगाराने जीव दिला! शाहीर झालेत वीरा साथीदार. सिनेमा संथ आहे, आधीच सांगून ठेवते. पण उठू नका.

त्यात सरकारी वकील आहे एक बाई. गीतांजली कुलकर्णींनी केलेली. न्यायालयातून निघून ती लोकलमध्ये साडीच्या, खाण्यापिण्याच्या गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, पदर खोचून स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना वाढते. अगदी तुमच्या-माझ्यासारखी. आणि हीच बाई न्यायालयात तितक्याच सहजपणे कलमं वाचत एका निरपराध म्हाताऱ्याला आत ठेवायला सांगते. ती दुष्ट नाही हो. दमलेली आहे. तिला काम संपवून घरी जायचं आहे.

हा सिनेमा पाहून आल्यावर मी वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला आणि हात थांबला. आदल्याच आठवड्यात एका मुलीच्या वहीवर लाल शाईने 'अभ्यासात अजिबात लक्ष नाही' असं ठोकून दिलं होतं. कारण? कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि अजून अकरा वह्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, तेव्हा कळलं की आई महिनाभर दवाखान्यात होती. कष्ट करणारी बाई नेहमी बरोबरच असते असं काही नाही, हे मला या सिनेमाने शिकवलं. आपल्या कौतुकाचे सिनेमे पुष्कळ निघतात. आपले कान धरणारा एखादाच!

चौथा 'द ग्रेट इंडियन किचन'. मल्याळी आहे, जिओ बेबी यांचा, २०२१ च्या जानेवारीत आलेला. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका, अर्धा सिनेमा तर नुसता विळी, तवा आणि खरकटी भांडी. नवी सून स्वयंपाकघरात शिरते आणि मग दिवस उगवतो, मावळतो. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, चटणी वाटलेलीच हवी, कपडे यंत्रात नकोत. आवाज कोणीच चढवत नाही. सगळे गोडच बोलतात. नवरा शिक्षक, वर्गात कुटुंबसंस्था शिकवतो! आणि स्वयंपाकघरातल्या मोरीचा नळ गळत राहतो. ती रोज सांगते, तो रोज विसरतो.

हा आम्ही घरी बसून पाहिला, मी, हे आणि सासूबाई. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, ''काही म्हणा, चटणी पाट्यावरचीच खरी.'' नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी शेवटी हळूच म्हणाल्या, ''पण वाटून हात कुणाचे भरून आले, ते कुणी विचारलं नाही बाई कधी.'' ह्यांनी एकदम पाण्याचा तांब्या उचलला आणि स्वतःच भरून आणला.

आमच्या ओट्याखाली दोन महिने बादली ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नळवाला दारात हजर! ह्यांनी बोलावला, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. सिनेमाने काही होत नसतं असं म्हणणाऱ्यांना मी आमची कोरडी मोरी दाखवते.

पाचवा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', २०२४ सालचा. पायल कपाडियांनी कान महोत्सवात त्यासाठी ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळवला. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तब्बल तीस वर्षांनी गेला होता. मुंबईतल्या दवाखान्यातल्या दोन मल्याळी नर्सा आणि तिथेच स्वयंपाक करणारी आपली रत्नागिरीकडची पार्वती, अशा तिघींची ही गोष्ट. पार्वती झाली आहे छाया कदम, 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनावर चहाचा गाडा चालवणारी मंजू माई झालेली तीच.

थोरल्या नर्सचा नवरा जर्मनीत, वर्षभरात फोन नाही. एक दिवस तिकडून पार्सल येतं, त्यात लाल चकचकीत भाताचा कुकर. चिठ्ठी नाही, काही नाही. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर पोटाशी धरते. बस, एवढंच. भांड्यांशी आपलं काय नातं असतं हे कुणाला समजावून सांगायचं असेल, तर एवढा प्रसंग दाखवावा.

आणि पार्वती? चाळीत वर्षानुवर्षं राहिलेली, पण नवरा गेला आणि जागेचा एक कागद तिच्याजवळ नाही. बिल्डरच्या लेखी ती तिथे राहतच नाही! मैत्रिणींनो, सिनेमा बघाल तेव्हा बघाल, पण आज रात्रीच कपाट उघडून जागेच्या कागदांवर आपलं नाव आहे का, बँकेच्या खात्याला वारस म्हणून कोण लावलंय, हे बघून घ्या. 'त्यांनाच ठाऊक' हे उत्तर चालायचं नाही.

तुम्ही म्हणाल, 'बाईपण भारी देवा' कुठे गेला? २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही अकरा जणी नटूनथटून, गॉगल लावून गेलो होतो. मंगळागौरीचे खेळ सुरू झाल्यावर खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचलोसुद्धा! तो दिवस माझ्या आवडत्या दिवसांच्या यादीत आहे. सिनेमाच्या यादीत नाही. त्यात सहा बहिणींची दुःखं फार लवकर मिटतात असं मला वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर तुमच्या यादीत तो पहिला ठेवा. यादी तुमची आहे.

आता जरा व्यवहाराचं. वेळ कुठे आहे, हे मलाही माहीत आहे. मी महिन्यातून एक दुपार ठरवली आहे. आदल्या रात्री कणीक मळून ठेवायची, उसळ भिजवायची, म्हणजे संध्याकाळची घाई नाही. फोन खाटेवर पालथा ठेवायचा. भाजी निवडता निवडता पाहिलेला सिनेमा पाहिला असं धरायचं नाही. भाजीही नीट निवडली जात नाही. 'लंचबॉक्स' किंवा 'किचन', पावणेदोन तासांच्या आतबाहेर संपतात. आणि बघून झाल्यावर वहीत एक ओळ लिहायची. चांगला, वाईट नाही, काय आठवतंय ते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, ''आई, तुझा आवडता सिनेमा कोणता गं?''

''मला काय, तुम्हाला आवडेल तो,'' ठरलेलं उत्तर आलं. मग काही वेळ नुसता पंख्याचा आवाज. आणि मग आई म्हणाली, ''उंबरठा. ब्याऐंशी साली. हळदीकुंकवाला जाते सांगून शेजारणीबरोबर गेले होते. स्मिता पाटील घर सोडून निघते ना, तेव्हा मला एवढी धडकी भरली, वाटलं आपल्यालाच कोणी बघतंय. घरी येऊन मुकाट्याने पोळ्या लाटल्या.''

चाळीस वर्षांहून जास्त काळ हे तिच्या पोटात होतं. आणि मी तिचे इंग्रजी शब्द सुधारत बसले होते. माफी मी त्याच फोनवर मागून टाकली. ती म्हणाली, ''अगं, कधीची गोष्ट ती!'' पण म्हणजे तिला आठवत होती.

येत्या रविवारी ती येते आहे. दुपारी दोघीच 'उंबरठा' बघणार आहोत. ह्यांना आणि मुलांना सांगून ठेवलंय, चहा तुम्ही करायचा.