दरीच्या काठावर विचारलेले चार प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत माझ्या दवाखान्यात एक ठरलेले दृश्य दिसते. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेस निघालेली ज्येष्ठ जोडपी सहा महिन्यांची औषधे लिहून घेण्यास येतात. गेल्या वर्षी असेच एक काका आले. वय ७१, पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात. दर रविवारी नेमाने सिंहगड चढणारे. "डॉक्टर, जूनमध्ये ग्रँड कॅन्यन पाहणार आहोत," असे ते उत्साहाने म्हणाले. मी औषधे लिहिली, शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या रुग्णास आत बोलावले. जे प्रश्न मी त्यांना विचारावयास हवे होते, ते दवाखान्यात राहूनच गेले. पुढे ते त्यांना ॲरिझोनात, दरीच्या काठावर, एका रेंजरने विचारले.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ साली स्थापन झाली. तेथील रेंजरचे काम केवळ वन्यप्राणी राखण्याचे नसते. रस्ता चुकलेले मूल, धबधब्यापाशी ओल्या खडकावरून घसरून मोडलेला घोटा, वाटेत छातीत दुखू लागलेले आजोबा, हे सारे त्याच्या रोजच्या कामात मोडते. यलोस्टोनमध्ये बायसनपासून किमान २३ मीटर आणि अस्वलापासून ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. तरीही छायाचित्राच्या मोहाने जवळ जाणारे पर्यटक असतातच. अनेक रेंजरांनी तातडीच्या वैद्यकीय मदतीचे शिक्षण घेतलेले असते, कारण रुग्णालय तासन्‌तास दूर असते आणि पुष्कळ ठिकाणी मोबाइल लागत नाही.

या सर्वांत ग्रँड कॅन्यनची गोष्ट निराळी आहे. गड चढताना दम लागला, तर आपण मागे फिरतो आणि उतार सोपा असतो. येथे नेमके उलट घडते. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे आणि नदी त्याच्या खाली जवळजवळ दीड किलोमीटर खोल वाहते. सकाळच्या गार हवेत पाय आपोआप उतरू लागतात. जुलै महिन्यात काठावर दुपारी सरासरी २९ अंश तापमान असते, तेव्हा तळाशी ते सावलीतही ४० अंशांच्या वर जाते. उतरण्यास एक तास लागला, तर चढण्यास दोन तास धरावेत, असे उद्यानाचे सांगणे आहे. म्हणजे थकवा जाणवू लागतो, तेव्हा खरी चढण अजून पुढेच असते आणि ऊन डोक्यावर आलेले असते.

१९९६ च्या उन्हाळ्यात या उष्म्याने काही जणांचे प्राण गेले. त्यानंतर १९९७ मध्ये उद्यानाने एक साधा उपाय योजला. माणूस कोसळल्यावर त्याला शोधावयास धावण्यापेक्षा, तो उतरण्यापूर्वीच त्याच्याशी बोलावे. तेव्हापासून रेंजर आणि स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशी उभे राहतात आणि नम्रपणे चौकशी करतात. कोठवर जाणार? परत केव्हा येणार? पाणी आणि खाणे काय घेतले आहे? प्रकृतीची काही तक्रार, काही औषधे? कोणालाही ते सहसा अडवीत नाहीत. प्रश्नांची उत्तरे देता देता माणसाचे त्यालाच उमगावे, एवढीच अपेक्षा असते.

आमच्या काकांना मात्र ती चौकशी रुचली नाही. "मी गड चढणारा माणूस," असे म्हणत ते साडेनऊ वाजता ब्राइट एंजल वाटेने उतरले. सोबत मुलगा आणि पाण्याची एक बाटली. सकाळची गोळी घेतली होती, न्याहारी मात्र नावापुरतीच झाली होती. सुमारे अडीच किलोमीटरवरच्या पहिल्या विश्रांतिस्थानी ते सहज पोहोचले. परतताना बाराच्या सुमारास पाय लटपटू लागले, मळमळले, मुलाच्या प्रश्नांना ते भलतीच उत्तरे देऊ लागले.

सुदैवाने एक रेंजर वाटेने वर येत होती. तिने त्यांना सावलीत बसविले, सदऱ्यावर पाणी ओतले, वारा घातला. मग मुलास विचारले, "यांना कोणती औषधे चालू आहेत?" मुलगा गप्प राहिला. औषधांची यादी हॉटेलवरच्या बॅगेत होती. रेंजरने बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. ती ५८ होती. काका शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून त्यांना गोड पेय आणि नंतर खारी बिस्किटे देण्यात आली. दीड तासाने ते सावकाश, आपल्या पायांनी वर आले.

परत आल्यावर काकांनी हे मला हसत हसत सांगितले. मुलगा मात्र फोनवर म्हणाला, "डॉक्टर, बाबांची औषधे मला माहीत नव्हती, याची लाज वाटली." मला अधिक लाज वाटावयास हवी होती. साखर उतरविणारी गोळी आणि लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी, दोन्ही मीच लिहून दिल्या होत्या. उपाशीपोटी श्रम झाले, तर पहिलीने साखर एकाएकी खाली येते. दुसरीने उन्हात शरीरातले पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. त्यात वयाबरोबर तहान मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा तसे सांगत नाही.

येथे आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. घाबरून नुसतेच पाणी भराभर प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशी उष्म्याच्या त्रासासारखीच लक्षणे दिसतात. म्हणून ग्रँड कॅन्यनचे रेंजर पाण्याबरोबर खारट खाण्याचाही आग्रह धरतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाणी आणि मीठ किती घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान आणि काखेत बर्फ ठेवावा. मधुमेह असल्यास साखर तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. महाराष्ट्रात १०८ आणि अमेरिकेत ९११ या क्रमांकावर लगेच मदत मागावी.

काळजी घेणाऱ्या मुलांना, सुनांना, लेकींना माझी एक विनंती आहे. रेंजरचे ते चार प्रश्न घरातून निघतानाच आईवडिलांना विचारा. मग ठिकाण ग्रँड कॅन्यन असो, माथेरान असो वा पंढरीची वाट. कोठवर, परत केव्हा, खाणेपिणे काय, औषधे कोणती. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ चढउतारासाठी टाळा. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणांस कोणी असे विचारले, तर तो आपल्या ताकदीचा अपमान समजू नका. अर्ध्या वाटेवरून मागे फिरणे हीसुद्धा जाणत्या वयाची समज आहे.

आता माझ्या मेजावर पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांची चळत असते. प्रवासास निघणाऱ्या प्रत्येकाला मी ते चार प्रश्न विचारतो आणि त्या कागदावर आजार, औषधांची नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आणि घरचा फोन क्रमांक लिहून देतो. काकांचा कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, त्याची प्रत मुलाच्या पाकिटात. आपलाही असा कागद आज लिहून काढा. तो बॅगेत नव्हे, खिशात ठेवा.