आधी तिथी, मग किलोमीटर!

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीचे बेत घरोघरी शिजायला लागले असतील, नाही का? एखाद्या घरात काका किंवा ताई म्हणत असेल, “यंदा मोटरसायकलवरून कोकणचा किनारा करू या!” तसं असेल, तर आजची भटकंती खास तुमच्यासाठी.

“पण आम्हाला कुठे गाडी चालवता येते?” बरोबर! गिअरची मोटरसायकल चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि लायसन्स हवं. मागच्या सीटवर कायद्यानं एकच जण, आणि हेल्मेट त्यालाही. म्हणजे चौघांना दोन गाड्या आणि दोन चालवणारे लागणार. सफर आखायला मात्र वयाची अट नाही! ते काम तुम्ही अंगावर घ्या. आई-बाबांनो, तुम्हीही वाचा बरं का.

आधी नकाशा काढा आणि एक दोरा घ्या. अलिबागपासून गुहागरपर्यंत दोरा ताठ धरला, तर अंतर भरेल जेमतेम १३५ किलोमीटर. आता तोच दोरा किनाऱ्याच्या वळणावळणानं ठेवत जा. भरभर संपतो की नाही? भारताच्या किनाऱ्याची लांबी आपल्या पुस्तकांत वर्षानुवर्षं सुमारे ७,५१६ किलोमीटर छापली जायची. अलीकडे तो जास्त बारकाईनं मोजला, तर ती भरली ११,०९८ किलोमीटरच्या वर! किनारा काही वाढला नाही. आधी सुटलेली छोटी छोटी वळणं आणि खाड्यांची तोंडं या वेळी मोजली गेली, इतकंच.

या खाड्याच तर आपल्या सफरीची खरी गंमत! दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं, की समोर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे दिसतं. जंगलजेट्टीत, म्हणजे माणसांसकट गाड्या नेणाऱ्या बोटीत, मोटरसायकल चढवली की काही मिनिटांत पलीकडे. जेट्टी चुकली, तर मागे फिरा, दापोली, खेड, चिपळूण करत शंभराहून जास्त किलोमीटर जा आणि मग गुहागर गाठा! म्हणून आपल्या वाटेवरच्या तिन्ही जेट्ट्या वहीत लिहून ठेवा : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी आणि दाभोळ ते धोपावे. शेवटची फेरी कितीला, हे आदल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारायचं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किनाऱ्यावर घड्याळ चालतं ते चंद्राचं! कोकणातल्या जुन्या जाणत्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. साधारण तितक्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, बरोबर तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असं मोजायचं. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते, ती अशी. हा हिशेब आपल्या मुंबई-कोकणापुरता आणि ढोबळ आहे हं. पक्की वेळ वर्तमानपत्रात किंवा भरतीच्या छापील तक्त्यात पाहा आणि तिथल्या कोळीबांधवांना विचारा.

एवढा खटाटोप कशासाठी? जिवासाठी! हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या कडेनं खडकांवरून जाते. ओहोटीला सुरेख दिसणारे तेच खडक भरतीला लाटांखाली जातात. तिथे माणसं ओढली गेली आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही ओहोटीला चालत जाता येतं, पण वेळेचं भान सुटलं तर परतीच्या वाटेवर पाणी!

चला तर, आखू या. भाऊबीज झाली, की दुसऱ्या दिवशी निघायचं.

पहिला दिवस, तृतीया : घर ते अलिबाग. मुंबईकरांनो, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली आहे.

दुसरा दिवस, चतुर्थी : आठच्या सुमाराला चालत कुलाबा किल्ला. पाणी भरायला लागायच्या आत परत. मग रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूड. वेळ उरला तर शिडाच्या होडीतून जंजिरा.

तिसरा दिवस, पंचमी : आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. इथे पोचाल दुपारी, आणि भरती असेल पावणेचारला. म्हणून आज फक्त देवदर्शन आणि आराम. प्रदक्षिणेच्या पायऱ्या आज उतरायच्याच नाहीत!

चौथा दिवस, षष्ठी : ओहोटी सव्वादहाच्या सुमाराला. स्थानिकांना विचारून नऊच्या पुढे प्रदक्षिणा. खडकांवर लाटा येत असतील, तर तीही रद्द. मग बागमांडल्याहून वेशवी, नाना फडणवीसांचं वेळास, केळशी आणि मुक्कामाला हर्णै. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव पाहा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग!

पाचवा दिवस, सप्तमी : दाभोळहून धोपावे आणि गुहागर.

सहावा दिवस : कोरा! हसू नका. टायर पंक्चर होईल, जेट्टी बंद असेल, कुणाला ताप येईल. त्यासाठी एक दिवस हाताशी हवा. काहीच झालं नाही, तर गुहागरचा समुद्र आहेच.

सातवा दिवस : चिपळूणवरून महामार्गानं परत. मुंबईपर्यंत तीनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणून पहाटेच निघायचं.

“बस, एवढंच? रत्नागिरी नाही? मालवण नाही?” नाही! अलिबाग ते गुहागर रस्त्यानं अडीचशेच्या आत आहे, पण घाट आणि वळणं धरली, तर तासाला २५-३० किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि अंधारात मोटरसायकल चालवायची नाही. जास्त गावं कोंबली, की चालवणारा घाई करतो आणि थकलेल्या माणसाची नजर चुकते. रत्नागिरी कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी जाऊ.

निघण्याआधी मेकॅनिककडून ब्रेक, टायर, चेन आणि दिवे तपासून घ्या. खारी हवा लोखंड खाते, म्हणून परतल्यावर गाडी गोड्या पाण्यानं धुवायची आणि चेनला तेल द्यायचं. एक नियम मात्र मोडायचा नाही : गाडी वाळूत न्यायची नाही. चाक रुततं, भरती थांबत नाही, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. वरून चाक गेलं तर?

आता तुमचं कोडं. समजा, तुम्ही त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी अलिबागला पोचलात. पंधराची पाऊणपट करा, ओहोटी काढा आणि सांगा, त्या दिवशी किल्ल्यात चालत जाल का? घाई करू नका, सूर्य कितीला मावळतो तेही बघा! उत्तर पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत दिनदर्शिका आणि दोरा हाताशी ठेवा. अच्छा!