गाडी तुमची, उतारही तुमचाच!

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे घरासमोर कॅम्पर उभा करण्याचा सोहळा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. ड्राइव्हवेला उतार असतो. म्हणून आधी सखल बाजूच्या चाकाखाली फळ्या सारायच्या, मग चाकांना ठोकळे लावायचे, कॅम्पर मोटारीपासून सोडवायचा आणि पुढचा जॅक फिरवत पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा. गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर त्यातले अमोनियाचे द्रावण नीट फिरत नाही, म्हणून ही खटपट. पण उतार स्वतःच्या अंगणातला आणि फळ्याही स्वतःच्या!

आता पुण्यातली आपली बंगल्यांची गल्ली आठवा. जोते उंच, रस्ता खाली. गाडी आत घ्यायला उतार हवाच. पण तो फाटकाच्या आत केला तर अंगण जाते. मग सिमेंटचा रॅम्प थेट फुटपाथवर! शेजाऱ्याचा त्याहून उंच. पावसाचे पाणी अडते आणि आजी-आजोबा रिक्षा चुकवत रस्त्यावरून चालतात. चाकाच्या खुर्चीचे तर बोलायलाच नको. पुणे महापालिकेने 2016 साली पादचारी धोरण मंजूर केले. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. वर्षातून एक दिवस, बैलपोळ्यासारखा!

यावर ठरलेले उत्तर येते : "सिंगापूरला बसून बोलायला तुमचे काय जाते?" मंडळी, इथे बसूनच तर ते कळते. इथे 1990 पासून गाडीसाठी आधी बोली लावून दहा वर्षांचा परवाना, म्हणजे 'सीओई', घ्यावा लागतो. मोठ्या गाड्यांसाठी तो ऑक्टोबर 2023 मध्ये दीड लाख डॉलरवर पोचला. एवढे मोजूनही गाडी उभी करायला जागा मिळत नाही. एचडीबीच्या कारपार्कचे मासिक पैसे वेगळे. अवजड ट्रक आणि ट्रेलरच्या मालकांना तर पार्किंगचे प्रमाणपत्रच घ्यावे लागते. हे सगळे आपण निमूट भरतो, आणि तिकडच्या घरासमोरचा सार्वजनिक फुटपाथ मात्र फुकटात हवा!

मे 2025 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, अशी भूमिका मांडली. लगेच, मध्यमवर्गाने गाडी घ्यायचीच नाही का, अशी ओरड. अहो, फुटपाथवरून चालणाराही मध्यमवर्गीयच आहे, बहुधा तुमचेच वडील! जपानने अशी अट 1962 च्या कायद्यानेच घातली आणि तिथला मध्यमवर्ग गाड्या चालवतोच आहे.

आपल्यापैकी कित्येकांची तिकडे घरे आहेत, कुणाच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. बिल्डरच्या नकाशावर इथून सही करून पाठवण्याआधी एवढे विचारा : रॅम्प नेमका कुठे संपतो? आणि डिसेंबरच्या सुट्टीत गेलात की टेप घेऊन फाटकाबाहेर उभे राहा. जुना रॅम्प जितके फूट फुटपाथवर आला असेल, तितका फोडून आत घ्यायचा आहे. गवंडी दाखवून देईल, पण पैसे आपणच द्यायचे.