लिफ्टचे बटण कुणाच्या हाती?

१९७६ साली जनता कॉलनी उठवली आणि तिथल्या माणसांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पात आणून टाकले. तेव्हाचे विस्थापन आडवे होते, आजचे उभे आहे. रेल्वे आणि रस्त्यांसाठी उठवलेली कुटुंबे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-सात मजले वर चढवली गेली. अशा वसाहतीत लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसे, गरोदर भगिनी आणि अपंग बांधव स्वतःच्याच घरात कैदी होतात.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. आज मनोऱ्याला लिफ्ट आली, पण ती कुणासाठी? श्रीमंतांच्या टॉवरमध्ये मोलकरणीसाठी वेगळी लिफ्ट, आणि मोलकरणीच्या स्वतःच्या इमारतीत नावापुरती लिफ्ट!

प्रत्येक इमारतीची गरज वेगळी असते. इस्पितळात स्ट्रेचरला आधी वाट हवी, कचेरीत सकाळची गर्दी उपसायला हवी. पुनर्वसनाच्या इमारतीत पाण्याचे कॅन, गॅस सिलिंडर, शाळेची पोरे आणि देखभालीसाठी रिकामी तिजोरी. म्हणून लिफ्टचे नियंत्रण यंत्र मूळ एकच असावे, पण त्याचे भाग इमारतीप्रमाणे बदलता यावेत. बटणे व्हीलचेअरवरून हाताला येणारी, त्यांवर ब्रेल अक्षरे. मजल्याची घोषणा मराठी, हिंदी, उर्दूत. अक्षरओळख नसलेल्या आजीसाठी प्रत्येक मजल्याला वेगळा रंग आणि मोठा आकडा. वीज गेली तर जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी बॅटरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही परवानाधारक कारागिराला दुरुस्त करता येईल असे यंत्र, एकाच कंपनीच्या कुलपात अडकलेले नव्हे.

ही भीक नाही, हक्क आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगीच देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. महाराष्ट्राचा १९३९ चा लिफ्ट कायदा जाऊन २०१७ चा कायदा आला. त्यातही परवाना आणि तपासणी आहेच. मग घोडे अडते कुठे? मागणाऱ्याच्या मौनात!

तेव्हा बांधवांनो, पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी खोलीच्या चौरस फुटांबरोबर लिफ्टचाही तपशील मागा. कुठली यंत्रणा, देखभाल किती वर्षे, खर्च कुणाचा, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन न्यायालयात उभे राहत नाही.

जय भीम!